बेदाण्यातली त्रेचाळीस मतं

“सर, ही त्रेचाळीस यंत्रं खोटी आहेत,” मी म्हणालो आणि लॅपटॉप कोटणीस सरांच्या पुढ्यात फिरवला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावलं. खाली दुकानात कुणीतरी सतारीची तार पिळत होतं, तेवढाच काय तो आवाज. मिरजेला तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत एका माडीवर आमच्या ‘कवडी’चं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक माठ आणि सर.

“खोटी म्हणजे काय?”

“म्हणजे त्यांच्यामागं माणसं नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी यातलं एकही नव्हतं. दोन दिवसांत त्रेचाळीस उगवली, भुईछत्र्या उगवाव्यात तशी. सगळी एकाच इंटरनेट जोडणीवरून. आणि सगळ्यांचं मत एकच. मर्यादा वाढवा!”

“कुणी केलं असेल?”

“सुनेत्राशिवाय कोण करणार?”

सरांनी चष्मा खाली आणला. “मगदूम, तोंड सांभाळून. तुम्ही दोघांनी माझ्या लॅबमध्ये एका बाकावर बसून कवडी लिहिली. तिनं तुझ्या चुका काढल्या, तू तिच्या काढल्यास. ती असलं करेल?”

“लिहिली म्हणूनच म्हणतो. असली युक्ती सुचायला कवडी आतून माहिती पाहिजे.”

या गोष्टीला आठ वर्षं झाली. कवडी काय होती ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कसला बाजार मांडला. कवडी म्हणजे आमचं डिजिटल नाणं. त्याला बँक नाही, मॅनेजर नाही, शिक्का नाही. कुणी कुणाला किती कवड्या दिल्या याची नोंद सभासदांच्या यंत्रांवर राहायची, प्रत्येकाकडं अख्खी प्रत. अशा यंत्राला आम्ही नोड म्हणायचो. दर दहा मिनिटांनी सगळे नवे व्यवहार एका ब्लॉकमध्ये बांधायचे आणि तो ब्लॉक सगळ्या नोडांकडं जायचा. दर दहा मिनिटांनी एक एस.टी. सुटते असं समजा. सीटा ठरलेल्या. त्या भरल्या की बाकीच्यांनी स्टँडवर थांबायचं, पुढची गाडी येईपर्यंत.

सीटांची ही मर्यादा सुरुवातीला आम्हीच घातली होती, आणि तेव्हा गाडी रिकामी धावायची. पाच वर्षांनी सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर अशा गावांत कवडी चालायला लागली आणि बाजारादिवशी गाडीला माणसं लोंबकळायला लागली. एकेक व्यवहार पाच-पाच तास अडकायचा. मग भांडण सुरू झालं. मर्यादा आठपट करायची की आहे तीच ठेवायची?

मी ‘आहे तीच ठेवा’वाला. ब्लॉक मोठा झाला की यंत्र मोठं लागतं, इंटरनेट जोरात लागतं. मग साध्या माणसाला नोड परवडत नाही आणि सगळ्या प्रती चार बड्या कंपन्यांच्या हॉलमध्ये जाऊन बसतात. आपल्यात नि बँकेत फरक काय राहिला मग? प्रत्येक सभेत माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, “शेवटच्या माणसाच्या घरातलं स्वस्तातलं यंत्र चाललं पाहिजे.” टाळ्याही पडायच्या.

सुनेत्रा आरवाडे त्या टाळ्या थांबायची वाट बघायची आणि मग म्हणायची, “शेवटचा माणूस स्टँडवर उभा आहे, मगदूम. त्याला गाडी मिळत नाहीये. आणि तू त्याला सांगतोयस, गाडीचं इंजिन घरी नेऊन ठेव.”

लोक हसायचे. मीही हसायचो, पण आत कुठंतरी टोचायचं.

शेवटी मतदान ठरलं. एक नोड, एक मत, आणि ठरावाला तीन पंचमांश पाठिंबा. पण एकाच माणसानं एका खोलीत बसून वीस नोड चालवले तर वीस मतं त्याचीच होतात, म्हणून मोजणीदार नेमायचा आणि खोटे नोड वगळायचा अधिकार त्याला द्यायचा असा आमचा नियम. मोजणीदार मी. का, तर माझा स्वभाव. मी कलिंगड घेताना टिचकी मारतो, चौकट कापून बघतो, चाखतो आणि तरी घरी येईपर्यंत आपण फसलो असंच वाटत राहतं. माझं नाव सुचवलं सुनेत्रानंच. म्हणाली होती, “मोजल्याशिवाय ह्याला घास गिळत नाही. ह्यालाच करा.”

तर ही त्रेचाळीस यंत्रं.

मला पहिली शंका आली ती नावांवरून. नोडला काहीतरी नाव द्यावं लागतं. आमच्या लोकांची नावं कशी, तर वज्र, गरुड, सह्याद्री-सात, महाकाल. माझा स्वतःचा नोड होता ‘चाणक्य’. आणि या त्रेचाळिसांची नावं? सुमन. मालन. द्रौपदा. शेवंता. हौसा. कुणी मतदारयादी उघडून उतरवून काढावीत तशी. अहो, खरा माणूस आपल्या नोडला स्वतःचं नाव देतो होय? मनात पाल चुकचुकली ती तिथं.

मग मी आठवडाभर पाळत ठेवली. ही सगळीच्या सगळी यंत्रं रोज दोन-तीनदा एकदम बंद पडायची आणि मिनिटाभरात एकदम परत यायची. कुणाच्या घरची लाईट गेली तर एक नोड जातो. त्रेचाळीस घरांची लाईट एका सेकंदाला जाते आणि एका सेकंदाला येते? मग सांगलीच्या इम्तियाजला फोन केला. आमच्यात बहुतेकजण तळहाताएवढी ती यंत्रं त्याच्याच दुकानातून घ्यायचे.

“आरवाडे मॅडम? हां, नेली की,” इम्तियाज म्हणाला. “त्रेचाळीस नग. एकाच बिलावर. पोत्यात भरून रिक्षानं नेली. का हो, काही बिघाड?”

“नाही नाही. सहज विचारलं.”

हातच्या काकणाला आरसा कशाला! तरी मी सुनेत्राच्या घरी गेलो. सरळ विचारायला नव्हे, माझा तो स्वभावच नाही. तिनं भडंग पुढं ठेवलं. समोर बसली. मी कांदा वेचत वेचत म्हणालो, “नवे नोड बरेच आलेत म्हणे.”

“हो का?” ती हसली. “बरंच झालं की. तुझ्या शेवटच्या माणसाला यंत्र मिळालं म्हण.”

“पुण्याची ती कंपनी आहे ना, मोठे ब्लॉक पाहिजेत म्हणून मागं लागलेली. त्यांचा माणूस तुला भेटला होता?”

“दोनदा. नोकरी देत होते.”

“मग?”

“मग काय? म्हटलं, मला तासगाव सोडायचं नाही. भडंग खा की, नुसता कांदा काय उकरतोयस?” आणि मग डोळे बारीक करून म्हणाली, “मोजणी होऊ दे. झाली की तुला एक गंमत दाखवते. आत्ता विचारायचं नाही.”

आता सांगा, ज्याच्या मनात पाप नाही तो मोजणीच्या आधी असा हसतो? मी त्या हसण्याचा अर्थ लावत गाडी चालवत घरी आलो. वीस वर्षांची मैत्रीण, माझ्या लग्नात करवलीसारखी मिरवलेली, माझ्या पोरीला सायकल शिकवलेली. आणि ती मला खुळ्यात काढतेय, ह्याचाच मला जास्त राग आला.

तासगावच्या केबलवाल्याकडून मी जोडणीचा पत्ता काढला. काढायला नको होता, पण काढला. पत्ता निघाला बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचा. गावाबाहेर, सावळजच्या रस्त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिथं हजर.

ज्यांनी तासगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडं द्राक्षं वाळवून बेदाणा करतात, आणि तो बेदाणा वर्षभर या कोल्ड स्टोरेजमध्ये खोक्यांतून राहतो. बिनखिडकीची मोठी पांढरी इमारत. बाजूच्या शेडमध्ये बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत होत्या, काड्या वेगळ्या, काळा माल वेगळा. हवेत आंबूस गोड वास आणि गंधकाची झाक. आंबट द्राक्षासारखा चेहरा करून एक माणूस बाहेर आला. शर्टाच्या खिशाला चार पेनं. मॅनेजर, जमदाडे.

मी इस्त्रीच्या शर्टात, खांद्याला लॅपटॉपची बॅग. म्हटलं, सरळ विचारलं तर सावध होईल. आडून गेलं पाहिजे.

“लाईट जाते का हो इथं?” मी विचारलं.

“जाती की. पर जनरेटर हाय. लगीच चालू हुतो.”

“महिन्याला किती युनिट जळतात?”

जमदाडेनं माझ्या बॅगेकडं बघितलं, मग बुटांकडं. “साहेब कुठनं आलासा?”

“सांगलीहून. मालकांनी परवानगी दिलेली नाही अशी काही यंत्रं इथल्या लाईटवर चालतात का, एवढंच बघायचंय.”

त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनांकडं गेला. “न्हाई साहेब. हितं बेदाण्याबिगर काय न्हाई.”

“कॉम्प्युटर?”

“ऑफिसातला एक. बिलं कराय. बाकी काय न्हाई, देवाशपथ.”

“आत बघू का?”

“मालकाला विचारल्याबिगर आत सोडता येत न्हाई.”

शेडमधल्या बायकांनी निवडणं थांबवलं होतं. सगळ्या आमच्याकडंच बघत होत्या. त्यातली एक, पन्नाशीची, उठून उभी राहिली होती, पण जमदाडेनं तिला हातानं बस म्हणून खुणावलं. ते मी पाहिलं. पाहिलं आणि मनात नोंद केली, मॅनेजर बायकांना गप्प करतो. म्हणजे इथं काहीतरी पाणी मुरतंय. पण यंत्रं इथं नाहीत, हे त्याच्याच तोंडून निघालं. तेव्हा सुनेत्रानं ही जोडणी नुसती मुखवट्यासारखी वापरली आहे आणि त्रेचाळीस नोड तिच्या माळ्यावर चालू आहेत, असा मी निष्कर्ष काढला. परतताना रसवंतीला थांबलो, दोन ग्लास रस प्यालो. स्वतःवर खूश होतो मी.

मोजणीचा दिवस. माडीवर तीस-पस्तीस माणसं, बाकीचे आपापल्या घरून पडद्यावर. दुपारचे तीन. नियम असा की त्याच दिवशी पाचाच्या आत निकाल लागला पाहिजे.

मी उठलो. एकूण नोड तीनशे. ठरावाच्या बाजूनं एकशे एकोणनव्वद. म्हणजे ठराव नऊ मतांनी पास. सुनेत्रा भिंतीपाशी उभी होती, तिनं दोन्ही हात छातीशी धरले. काय आनंद होता तिच्या चेहऱ्यावर!

“पण,” मी म्हणालो, “त्यातली त्रेचाळीस मतं मी मोजणीदार म्हणून वगळतोय.”

आणि मग मी एकेक पुरावा मांडला. एक जोडणी. एकदम बंद, एकदम चालू. दोन दिवसांत सगळी आलेली. एकाच दुकानातून, एकाच बिलावर घेतलेली. बिल कुणाच्या नावावर, तेही सांगितलं. सगळे मागं वळून तिच्याकडं बघायला लागले. कुणीतरी ‘आयला’ म्हणालं.

सुनेत्राला आधी कळलंच नाही. मग ती पुढं आली. “मगदूम, त्या बायका आहेत. खऱ्या. बेदाणा निवडतात. नावं वाच ना त्यांची.”

“वाचली. म्हणूनच संशय आला.”

“घरात आठ-आठ तास लाईट नसते त्यांच्या. म्हणून यंत्रं एका जागी ठेवली आहेत सगळ्यांनी मिळून.”

“कोल्ड स्टोरेजमध्ये?”

ती थबकली. “तुला कसं माहीत?”

“जाऊन आलो. जमदाडेंना भेटलो. ते म्हणाले, बेदाण्याबिगर इथं काही नाही. देवाची शपथ घेऊन म्हणाले.”

सुनेत्रानं मान वळवली. तिची नजर समोरच्या रांगेत फिरली. त्या रांगेत सांगलीचे दोन-तीन व्यापारी बसले होते, आमचे सभासद, बेदाण्यात पैसा असलेले. त्यातले एक त्या कोल्ड स्टोरेजच्या मालकाचे व्याही होते, हे मला फार पुढं कळलं.

“जमदाडे तसं म्हणाले?”

“हो.”

“मग ते म्हणाले तेच खरं समजा,” ती म्हणाली.

माडीवर एकच गलका झाला. कबुलीच की ही! कोटणीस सरांनी टेबलावर हात आपटला. “सुनेत्रा, नीट बोल. यंत्रं आहेत की नाहीत?”

“यंत्रांचं राहू दे, सर. बायका आहेत. उद्या सकाळी त्रेचाळीसही जणींना इथं आणून उभं करते. एक दिवस द्या.”

“नियम आजचा आहे,” मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिनं मला खुळ्यात काढलं, हा राग पोटात होता. “आणि बायका काय, कुणीही आणील. सभेला माणसं रोजानं मिळतात, सुनेत्रा. दोनशे रुपये आणि वडापाव.”

कुणीतरी मोठ्यानं हसलं. सुनेत्रा चिडेल, भांडेल, दोन शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं खुर्चीवरची पर्स घेतली, सरांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. खाली तार लावणारा थांबला असावा, कारण तिच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

त्रेचाळीस वगळून उरली दोनशे सत्तावन्न मतं, त्यात ठरावाच्या बाजूनं एकशे सेहेचाळीस. तीन पंचमांशाला नऊ कमी. ठराव पडला. लोकांनी माझी पाठ थोपटली. एकजण म्हणाला, मगदूम नसता तर पुण्याच्या कंपनीनं आपल्याला गिळलं असतं.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी सवयीनं नोडांची यादी उघडली. ‘सुमन’ बंद पडला होता. म्हटलं, घेतलं वाटतं आवरतं बाईनं! मतं गेली, आता यंत्रं कशाला चालवेल? चहा घेऊन परत बघितलं. ‘द्रौपदा’ बंद. मग ‘हौसा’. मी खुर्ची ओढून बसलो.

दोन मिनिटं गेली, ‘मालन’. तीन मिनिटं, ‘शेवंता’. मग थोडा वेळ काहीच नाही. मग लागोपाठ दोन.

माझ्या हातातला चहा गार झाला. एका माणसाला त्रेचाळीस यंत्रं बंद करायची असतील तर तो एक बटण दाबेल. फार तर एक वायर उपटेल. हे तसं नव्हतं. यात मागंपुढं होतं, थांबणं होतं. रांग होती. कुणीतरी येत होतं, आपलं यंत्र ओळखत होतं, वायर काढत होतं आणि पुढचीला जागा देत होतं.

मी गाडी काढली.

पुढचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला त्यात शिरायला नको. वर्षभरात मर्यादा वाढवायचा ठराव परत आला आणि पास झाला. आठपट. मीच बाजूनं बोललो. पण तोवर तासगावच्या बायकांनी कवडी सोडली होती, त्यांचं बघून जयसिंगपूरवाल्यांनी सोडली. एवढी मोठी एस.टी. आणली आणि बाजारादिवशीसुद्धा ती रिकामी सुटायला लागली. दोन वर्षांनी मीच शेवटचा नोड बंद केला. सुनेत्रा तासगावला शाळेत गणित शिकवते. पुण्याच्या कंपनीत ती कधीच गेली नाही. रस्त्यात भेटली तर बोलते, पोरीची चौकशी करते. घरी ये म्हणत नाही.

तर त्या दिवशी मी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कोल्ड स्टोरेजच्या दारात बायकांचा घोळका होता. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी अंजिरी साडी. त्यांच्या बचत गटाची मीटिंग होती त्या दिवशी. प्रत्येकीच्या हातात पिशवी, नाहीतर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. एकीनं आपलं यंत्र टिफिनच्या डब्यात ठेवलं होतं. सुनेत्रा गेटजवळ लिंबाखाली उभी होती. तिनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

जमदाडे धावत आला. “साहेब, चालल्यात त्या. आता काय न्हाई हितं. लिवू नका काय.”

“मी लाईटवाला नाही हो,” मी म्हणालो.

“मग?”

“कवडीचा मोजणीदार.”

जमदाडेचं तोंड उघडंच राहिलं. “मग तसं सांगायचं न्हाई का! मला वाटलं, वीज मंडळाची धाड. न्हाईतर मालकानं धाडलेला माणूस. मालकाला न इचारता पॅनेलच्या खोलीत फळी मारून दिली हुती म्या बायकांना. पोटावर पाय आला असता माझ्या.” तो सुनेत्राकडं वळला. “बाई, ह्यांनाच म्या न्हाई म्हणून सांगितलं? आन् तुमी मला काय बोलला न्हाईसा?”

सुनेत्रा लिंबाच्या बुंध्याकडंच बघत होती.

त्या दिवशी शेडमध्ये उठून उभी राहिलेली बाई घोळक्यातून पुढं आली. “तुमीच होय ते? म्या मालन.”

मी नमस्कार केला. 

“त्या दिवशी तुमाला दावणारच हुते, पर ह्यानं बस म्हटलं. बाईंनी सांगितलं हुतं, एक साहेब हायेत, ते गरिबाच्या घरात यंत्र पायजे म्हणून भांडत्यात. मतं मोजून झाली की त्यांना हितं आणती, दावती, ते लई खूश हुतील. आमी पेढं सांगून ठेवलं हुतं.”

लाज वाटली. नुसती लाज नव्हे, तिथल्या तिथं जमीन फाटावी असं झालं मला.

“चूक झाली माझी,” मी म्हणालो. “सगळी एका जागी होती, एका बिलावर घेतलेली होती, म्हणून मला वाटलं की...”

“एका बिलावर घेतली की स्वस्त पडत्यात,” मालनआक्का म्हणाल्या. “ह्या साड्यापण एकाच गठ्ठ्यातल्या घेतल्या. मग आमी काय सगळ्या मिळून एकच बाई झालो?”

मागं दोघी-तिघी हसल्या. आक्का हसल्या नाहीत.

“बाजारात तास-तास फोन धरून हुबं राहायचो आमी. भाजी पिशवीत, आन् पैसं काय पोचत न्हाईत. माळीण म्हणायची, ठेव भाजी खाली. बाई म्हणाल्या, मत दिलं तर गाडी मोठी हुईल. मत द्यायला यंत्र लागतंय म्हणाल्या. घेतलं. ह्या वयात शिकलो, वायर कुठं, बत्ती कंची. आन् तुमी म्हणलासा म्हणं, बायका रोजानं आणल्यात. दोनशे रुपये आन् वडापाव.”

मी मान खाली घातली.

“मोजणीदार न्हवं का तुमी? मग मोजा की आता,” आक्का म्हणाल्या आणि मागं वळून ओरडल्या, “ए, ओळीत हुबं ऱ्हावा गं! साहेबांस्नी मोजायचंय!”

“नको हो आक्का. कशाला लाजवता?”

“मोजू दे त्याला,” लिंबाखालून सुनेत्रा म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. “मोजल्याशिवाय घास गिळत नाही त्याला.”

तेच वाक्य. पण तिच्या आवाजात हसू नव्हतं.

बायका गेटपासून शेडपर्यंत ओळीनं उभ्या राहिल्या. कुणी डब्यातलं यंत्र वर धरलं, कुणी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. मी चालायला लागलो. एकेक बाई आपलं नाव सांगायची. सुमन. शेवंता. हौसा. पार्वती. पडद्यावर वाचून मला ज्यांचा संशय आला होता ती सगळी नावं आता माझ्याकडं बघत होती. मी शेवटच्या बाईपर्यंत पोचलो आणि थांबलो. अंगात मुरलेली खोड कुठं जाते? तोंडातून निघूनच गेलं.

“बेचाळीसच आहेत.”

 जमदाडेनं कपाळाला हात लावला. मला जीभ हासडून टाकावीशी वाटली.

मालनआक्का ओळीतून सावकाश माझ्यापाशी आल्या. त्यांनी खांद्याची पिशवी उघडली आणि आपल्या यंत्राखालून दुसरं एक यंत्र काढलं. त्याच्यावर औषधाच्या दुकानातली पांढरी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर पेनानं मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, द्रौपदा.

“हिला डोळ्यानं दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या. “एवढ्या लांब येता येत न्हाई तिला. पर मत द्यायचं म्हणून हटून बसली हुती. नाव आमी लिवून घेतलं तिच्याकडनं, हात धरून. हे तिचं.”

त्यांनी ते यंत्र माझ्या हातात ठेवलं. पॅनेलच्या खोलीतून काढून बराच वेळ झाला असावा, ते गार पडलं होतं.

“त्रेचाळीस,” मी म्हणालो.

आक्कांनी यंत्र परत घेतलं, पदरानं पुसलं आणि पिशवीत घातलं. बायका दोघी-दोघी करत सावळजच्या रस्त्यानं स्टँडकडं निघाल्या. सुनेत्राही त्यांच्याबरोबर चालत गेली. मी गेटपाशी उभा होतो, तिथून मला त्या वळणापर्यंत दिसत होत्या.